फुकटच्या बंगल्याची पोटगी

कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या बाईला एक खोड लागते. कुणाच्याही घरी गेली, की बसल्या बसल्या तिचा हात खुर्चीच्या खाली जातो. मला ही खोड नऊ वर्षांत लागली. सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात माझ्या लेकीचे बाबा इंजिनिअर होते. पुढं मोठे इंजिनिअर झाले आणि आम्हाला दोन खोल्यांच्या क्वार्टरमधून बंगल्यात हलवलं. बंगल्यातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली पांढऱ्या रंगात नंबर घातलेला होता. पलंगाला नंबर, टेबलाला नंबर, फ्रीजला नंबर, देवघरातल्या चौरंगालासुद्धा नंबर. देव तेवढे आमचे होते.

वर्षातून एकदा स्टोअरकीपर रजिस्टर घेऊन यायचे. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून एकेक नंबर वाचायचे, रजिस्टरात खूण करायचे आणि चहा पिऊन जायचे. लेक तेव्हा चार-पाच वर्षांची होती. ती त्यांच्याबरोबर टेबलाखाली शिरायची आणि आकडे मोठ्यानं वाचायची. आकडे ती तिथंच शिकली, पाटीवर नाही.

कॉलनीत एक शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा. कारखान्याचं. वीज कारखान्याची, पाणी कारखान्याचं, जीप आणि ड्रायव्हर कारखान्याचा, भांडी घासायला येणाऱ्या मावशीसुद्धा कारखान्याच्या. एखादी वस्तू मोडली तर कुणाला हळहळ नाही आणि चांगली निघाली तर कौतुक नाही. आपलं म्हणायचं ते फक्त पगाराच्या स्लिपवर खाली छापलेल्या आकड्याला. लेकीचे बाबा महिन्याच्या महिन्याला ती स्लिप आणून फ्रीजवर ठेवायचे आणि मी त्या आकड्यात घर चालवायची. नवऱ्याची कमाई म्हणजे स्लिपचा शेवटचा आकडा, बाकी सगळं कारखान्याचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याचं काय झालं तेच सांगायला बसले आहे.

आमचं का पटलं नाही ते उगाळत बसत नाही. दारू नव्हती, मारझोड नव्हती. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांना नकोसे झालो होतो, आणि माझी जीभ तिखट आहे हे मला मान्य आहे. त्यांना मी आज लेकीचे बाबा म्हणते, कारण तेवढं एक नातं अजून लागू आहे.

निघाले त्या दिवशी स्टोअरकीपर आले होते. मी बोलावलं नव्हतं. कॉलनीत घर हलायचं म्हणजे रजिस्टर यायचंच, अशी पद्धत होती. ते बिचारे माझ्यापेक्षा जास्त लाजले होते. मी एकेक वस्तू दारात आणून ठेवत होते आणि ते उलटी करून बघत होते.

"वैनी, मिक्सर तुमचा हाय न्हवं? नंबर न्हाई ह्याला. न्या तुमी," ते म्हणाले. मग लेकीचं छोटं टेबल उलटं केलं. "ह्याला हाय."

लेकीनं वाकून नंबर वाचला. मग टेबल स्वतःच सरळ केलं आणि घरात नेऊन ठेवलं. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि रडली नाही. मला मात्र गाडीत बसल्यावर रडू आलं.

सांगलीत माझं माहेर. पण आई-वडील गेल्यावर ते भावाचं घर झालं होतं आणि माहेरी पाहुणी म्हणून आठ दिवस राहणं वेगळं, कायमचं राहणं वेगळं. महिन्याभरात मी एका खाजगी शाळेत क्लार्क म्हणून लागले, लेकीला त्याच शाळेत घातलं आणि शाळेपासून चालत जाता येईल अशी एक खोली भाड्यानं घेतली. त्या एका खोलीत ओटा, पलंग, कपाट आणि आम्ही दोघी. लेक तांदळाच्या डब्यावर पाट ठेवून अभ्यास करायची. पलंगाशेजारी एक दार होतं. पलीकडं तेवढीच दुसरी खोली रिकामी होती आणि दाराला पलीकडून कडी होती. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "साडेतीन हजार जादा द्या, कडी काढते." साडेतीन हजार माझ्याजवळ नव्हते. शाळेचा पगार महिन्याच्या वीस तारखेला दमून जायचा.

मग कोर्टाचे कागद सुरू झाले. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी नव्हतेच, म्हणून चढले. मी लेकीच्या पोटगीचा अर्ज केला, आणि त्यांनी लेकीचा ताबा मागितला. त्यांच्या अर्जात लिहिलं होतं की मुलीसाठी प्रशस्त बंगला आहे, पुढं बाग आहे, शाळेत ने-आण करायला ड्रायव्हरसह गाडी आहे, घरकामाला बाई आहे. आणि आईकडं एकच खोली आहे. मी तो कागद तीनदा वाचला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून जास्त लागला.

माझ्या वकीलबाईंनी मला उगाच धीर दिला नाही. "कोर्ट काही नुसत्या खोल्या मोजत नाही," त्या म्हणाल्या, "पण अजिबात मोजत नाही असंही नाही. दुसरी खोली घेता आली तर बरं. त्यासाठी पोटगी नीट लागली पाहिजे."

म्हणजे गणित सरळ होतं. पोटगी पुरेशी मिळाली तर दाराची कडी निघणार. नाही मिळाली तर कदाचित लेक बंगल्यात जाणार. त्यानंतर कितीतरी दिवस ओट्यापाशी उभी राहून मी त्या दाराकडं बघायची.

पोटगीच्या कामात दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आपली कमाई, आपला खर्च, आपली मालमत्ता, आणि दुसऱ्याची जी माहिती असेल ती. लांबलचक तक्ता असतो. मी शाळेत दिवसभर तक्तेच भरते, त्यामुळं माझं अक्षर सुरेख आणि रकाना एकही रिकामा नाही. नवऱ्याचा पगार या रकान्यात मी फ्रीजवरच्या स्लिपचा आकडा लिहिला, बावन्न हजार. त्याखाली एक रकाना होता, मालकाकडून मिळणाऱ्या सोयी-सवलती. तिथं मी लिहिलं, निरंक.

खोटं लिहावं असं मनात नव्हतं, आणि विसरलेही नव्हते. मला खरोखरच वाटलं की त्यांना मिळणारं असं काही नाही. बंगला कारखान्याचा. जीप कारखान्याची. त्यात त्यांचं काय? त्याच कागदावर माझ्या सोयी-सवलतींच्या रकान्यातही मी निरंकच लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

नंतर कळलं, त्यांनीही त्यांच्या प्रतिज्ञापत्रात त्या रकान्यात निरंकच लिहिलं होतं. आमचं नऊ वर्षांत कशावर एकमत झालं असेल तर या एका शब्दावर.

ही चूक सापडली ती मार्केट यार्डाजवळ बसणाऱ्या चाचांना. चाचांच्या घराण्याचा हळदीचा व्यापार, पण हळदीच्या धुरळ्यानं त्यांना शिंका यायच्या, म्हणून ते भावाच्या दुकानावरच्या माडीवर बसून लोकांचे इन्कमटॅक्सचे रिटर्न भरायचे. आमच्या शाळेतले निम्मे शिक्षक त्यांच्याकडंच जायचे. वडिलांनी माझ्या नावानं ठेवलेल्या ठेवीवर बँकेनं थोडा कर कापला होता. तो परत मिळवायला मी गेले होते. जाताना घरातली कागदांची एकच फाईल होती ती उचलून नेली. त्यात लेकीचा जन्मदाखला होता, लसीकरणाचं कार्ड होतं आणि तिच्या पहिलीच्या प्रवेशाला उत्पन्नाचा पुरावा म्हणून लावलेला तिच्या बाबांचा दोन वर्षांमागचा फॉर्म सोळा होता. पगारदाराला मालक वर्षाला देतो तो कागद.

चाचा माझा कागद शोधता शोधता तिथं थांबले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

"ताई, ह्यो कागूद कवा वाचलासा का?"

"वाचलाय की. प्रवेशाला दिला होता."

"समदा?"

"पहिलं पान. मागचं काय, बारीक अक्षरातलं असतं काहीतरी."

"बारीक अक्षरातच मेख असती," चाचा म्हणाले आणि त्यांनी मागचं पान माझ्यापुढं सरकवलं.

त्या पानावर एक तक्ता होता. राहायला दिलेलं घर, त्याची किंमत. घरातलं फर्निचर, त्याची किंमत. गाडी आणि ड्रायव्हर. वीज आणि पाणी. घरकामाची बाई. प्रत्येकापुढं वर्षाचा आकडा आणि खाली बेरीज. मी फर्निचरच्या ओळीवर बोट ठेवून बसले. पलंग, चौरंग, लेकीचं टेबल, सगळे त्या एका ओळीत होते.

"म्हणजे हे त्यांना मिळतं?" मी विचारलं. प्रश्न किती बावळट होता हे विचारता विचारताच कळलं.

"आवं, पगार दोन वाटंनी येतोय," चाचा म्हणाले. "एक बँकेत जातोय, एक घरात जातोय. बँकेतला तुमाला दिसतोय. घरातला सरकारला दिसतोय. सरकार त्येच्यावर टॅक्स घेतंय. फुकटच्या वस्तूवर सरकार टॅक्स घील व्हय?"

मी मान हलवली.

"आन् टॅक्स कापला कुटनं? बँकेतल्या पगारातनं. बंगला काय टॅक्स भरत न्हाई. म्हंजी घरात सोय जेवडी मोठी, तेवडी स्लिप बारीक. कळलं का?"

कळलं. इतकी वर्षं मी ज्या आकड्यात काटकसर केली, तो आकडा बंगल्यामुळंच आखडला होता. चाचांनी बेरजेला बारानं भागून दाखवलं. महिन्याला सतरा हजारांच्या आसपास येत होते. तेही सरकारच्या नियमानं. सरकार घराची किंमत पगारावरून धरतं, बाजारभावानं तसा बंगला भाड्यानं घ्यायचा म्हटलं तर याच्या दुप्पट लागले असते. मला आनंद व्हायला हवा होता. त्याआधी राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना, कारण निरंक हा शब्द माझ्या सुरेख अक्षरात होता.

मी फाईल बांधायला लागले तर चाचा म्हणाले, "थांबा की. आता तुमचा कागूद."

"माझ्या कागदात काय असणार? क्लार्क आहे मी."

"पोरगी कुठल्या शाळंत हाय?"

"आमच्याच."

"फी?"

"अर्धी. स्टाफच्या मुलांना सवलत आहे."

"जाती कशी?"

"शाळेच्या बसनं. पावसाळ्यात वगैरे." मग मीच म्हणाले, "बस फुकट आहे."

चाचांनी चष्मा पुसला. "टॅक्सात बसत न्हाई ह्ये," ते शेवटी म्हणाले. "लय बारीक हाय. सरकार इचारनार न्हाई. कोर्टात कोन इचारंल का, ते तुमी जाना."

वकीलबाईंना मी दुसऱ्या दिवशी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मागचं पान बघून त्या खूश झाल्या. प्रतिज्ञापत्र दुरुस्त करून देऊ, म्हणाल्या. माझ्या फीच्या सवलतीचं ऐकून म्हणाल्या, "तुमच्या सवलतीवर कर नाही, ती तुमच्या फॉर्मवर कुठंच दिसत नाही. समोरच्यांना माहीत नाही. राहू द्या."

दोन दिवस मी राहू दिलं. फी आणि बस मिळून महिन्याचे दीड हजार होत होते. तेवढे माझ्या बाजूला धरले गेले तर दाराची कडी तेवढी घट्ट होणार होती. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी चिडते. लेकीला डब्यावरून पाट का हलला म्हणून ओरडले. तिनं पाट सरळ केला आणि म्हणाली, "डबाच हलतो गं. तांदूळ कमी झालेत."

तिच्या या बोलण्याचा आणि पुढच्या गोष्टीचा काही संबंध नाही, पण मी त्याच दिवशी ठरवलं. त्यांचा बंगला मोजायचा आणि माझी अर्धी फी झाकायची, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मला भांडायला आवडतं, पण असं भांडायला आवडत नाही. भांडताना मागं वळून बघावं लागलं की माझी जीभ अडखळते. दुरुस्त प्रतिज्ञापत्रात मी दोन्ही रकाने भरले. त्यांच्या रकान्यात बंगल्यापासून वीज-पाण्यापर्यंत सगळं, माझ्या रकान्यात अर्धी फी आणि बस. वकीलबाईंनी सही करताना माझ्याकडं नुसतं बघितलं.

कोर्टातला तो दिवस शांत गेला. न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना सर्दी झाली होती आणि बोलताना त्या मध्येच थांबत होत्या. लेकीचे बाबा पांढरा शर्ट घालून आले होते. इस्त्री नीट नव्हती. ती मला दिसली आणि दिसली याचा राग आला.

न्यायाधीश बाईंनी लेकीच्या बाबांचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "ताब्याच्या अर्जात बंगला आहे, बाग आहे, गाडी आहे," त्या म्हणाल्या. "प्रतिज्ञापत्रात निरंक आहे. मी यातला कुठला कागद वाचू?"

"मॅडम, बंगला आहे," ते म्हणाले. "पण तो माझा नाही. कारखान्याचा आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी हसले नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्या कॉलनीतल्या कुणालाही उभं केलं असतं तरी त्यानं हेच उत्तर दिलं असतं. मी तर दिलंही होतं, लेखी.

"मुलगी राहायला आली तर तो कुणाचा असेल?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

त्यांच्याऐवजी त्यांचे वकील उठले. "बंगल्याची वीट काढून पोटगी देता येत नाही," ते म्हणाले, आणि मनातल्या मनात मलाही वाटलं, की हे बरोबर आहे. त्यांच्या हातात सतरा हजार पडत नव्हतेच. त्यावर माझ्या वकीलबाई म्हणाल्या, की वीट काढू नका, पण विटेचं भाडं वाचतं ते तर धराल? इकडं आई पगारातून भाडं भरते, वीजबिल भरते, तिकडं ते भरावं लागत नाही. दोघांचे पगार एका मापानं मोजायचे तर हे धरलंच पाहिजे.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फीची सवलत तुम्ही स्वतःहून लिहिली आहे."

"हो."

"का?"

मला काही भारदस्त सुचलं नाही. "पहिल्या वेळी चुकून राहिली होती," मी म्हणाले. ते खरंच होतं.

हुकूम पंधरा दिवसांनी झाला. बंगल्याची आणि गाडीची सगळी किंमत धरली नाही. सोयींमुळं त्यांचा वाचणारा खर्च म्हणून त्यातला काही भाग धरला. त्यांच्या पगारातून कर वजा करून दिला, स्वतःच्या मर्जीनं घेतलेल्या कर्जाचा हप्ता वजा करून दिला नाही. माझ्या बाजूला अर्धी फी आणि बस धरली. सगळं बेरीज-वजाबाकी होऊन, नुसत्या स्लिपवर मिळाली असती त्यापेक्षा चार हजार जास्त पोटगी लागली. लेक माझ्याकडंच राहिली. एक आड एक रविवार आणि सुट्टीतला काही काळ तिच्या बाबांकडं.

मालकीणबाईंनी कडी काढली. दार वर्षानुवर्षं बंद होतं, त्यामुळं फुगून बसलं होतं. आम्ही दोघींनी ढकललं. पलीकडची खोली म्हणजे चार भिंती, एक खिडकी आणि कोपऱ्यात जुन्या रंगाचा डबा. लेक मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "केवढी मोठी आहे!" तेवढी मोठी ती नव्हती.

पहिल्या महिन्याच्या पोटगीतून उरलेल्या पाचशेत माझे थोडे घालून जुन्या बाजारातून तिच्यासाठी एक टेबल आणलं. रिक्षावाल्यानं ते दारात उतरवलं तशी ती वाकून खाली शिरली. मी पिशव्या आत नेल्या, पाणी प्यायले, परत आले तरी ती टेबलाखालीच होती.

"काय शोधतेस?"

"नंबर नाहीये," ती आतून म्हणाली.

"नसणारच. आपलं आहे ते."

ती बाहेर आली, दप्तरातून पेन्सिल घेतली आणि परत खाली गेली. मी बघितलं नाही. फरशी पुसताना दिसलं, तिनं स्टोअरकीपरच्या अक्षरासारखं जाड अक्षर काढून तिथं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

चार वर्षं अशी गेली. मग कारखाना दुसऱ्यांनी चालवायला घेतला आणि नव्या मालकांनी जुन्या, जास्त पगाराच्या माणसांना लांबूनच नमस्कार केला. लेकीच्या बाबांना बंगला सोडायला एक महिना मिळाला. त्यांना साताऱ्यात एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. तिथं क्वार्टर नाही, गाडी नाही, सगळा पगार रोख. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. एरवी फोन लेकीच्या नावानं यायचा, त्या दिवशी माझ्याशी बोलायचं म्हणाले.

"नवी स्लिप पाठवतोय," ते म्हणाले. "आकडा मोठा दिसेल. म्हटलं, दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं."

"बरं," मी म्हणाले.

"आज रजिस्टर आलं होतं. सगळं जुळलं. एक स्टूल सापडेना. त्याचे पैसे कापून घेतले."

मला ते स्टूल आठवलं. त्याचा पाय मीच मोडला होता आणि कुणाला कळू नये म्हणून पाणी तापवायच्या बंबात घातलं होतं. मी ते सांगून टाकलं. पलीकडं ते हसले. त्यांना हसताना मी कितीतरी वर्षांनी ऐकलं आणि मलाही हसू आलं.

स्लिप आली. बहात्तर हजार. वकीलबाईंना दाखवली तर त्या म्हणाल्या, वीस हजारांनी वाढलाय पगार, वाढीचा अर्ज करा, सोपं काम आहे. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू? लेक आता मोठी होत होती, क्लास होते, चष्मा लागला होता. मी स्लिप घेऊन पुन्हा चाचांच्या माडीवर गेले. चाचा थकले होते, जिना चढायला त्यांना दोनदा थांबावं लागायचं, पण कागद तसाच वाचत होते, पुढून आणि मागून.

"घर?" त्यांनी विचारलं.

"भाड्याचं. साताऱ्यात दोन खोल्या. सेकंडहँड मोटरसायकल घेतलीय."

"मग ह्येला पगार वाढला म्हनू नका. त्यो घरातला पगार हुता न्हवं, त्योच आता बँकेतनं येतोय. मागच्या खेपेला स्लिप बारीक दिसत हुती, आता जाड दिसतीय. मानूस हाय तेवडाच हाय."

मी अर्ज केला नाही. वकीलबाईंना सांगितलं, त्यांनी पुन्हा माझ्याकडं नुसतं बघितलं. घर, वीज, पाणी, मोटरसायकल, मावशी, सगळं मी एका कागदावर मांडून पाहिलं होतं. त्यांच्या हातात उरणारे पैसे बंगल्यातल्यापेक्षा शे-दोनशेनं कमीच भरत होते. जी फूटपट्टी धरून मी कडी काढून घेतली, तीच आता दुसऱ्या टोकानं धरायची होती. मला ते आवडलं नाही, पण जड गेलं नाही. त्यांनीही पोटगी कमी करा म्हणून अर्ज केला नाही. दर महिन्याला ती येते, दोन-चार दिवस मागंपुढं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत लेक पहिल्यांदा साताऱ्याच्या खोल्यांवर राहायला गेली. बंगला नाही, बाग नाही, जीप नाही. आठ दिवसांनी तिचे बाबा तिला मोटरसायकलवरून सांगलीला सोडायला आले. घरात आले, पाणी मागितलं आणि लेकीच्या खोलीत तिच्या टेबलाशी बसले. बोलता बोलता त्यांचा हात टेबलाच्या खाली गेला. मी दारातून बघत होते. त्यांनी वाकून पाहिलं, थोडा वेळ तसेच वाकून राहिले आणि मग सरळ बसून पाणी प्यायले.

ते गेल्यावर मी लेकीला विचारलं, बाबांचं घर कसं आहे?

"लहान आहे," ती म्हणाली. "एका खोलीत ते झोपतात, एका खोलीत मी. माझ्यासाठी टेबल आणलंय त्यांनी. जुनंच आहे."

"बरं आहे का?"

"हलतं थोडं." तिनं दप्तर उघडलं आणि पुस्तकं काढायला लागली. मग काहीतरी आठवल्यासारखं म्हणाली, "मी खाली शिरून बघितलं. नंबर नव्हता. मग तिथंपण माझं नाव लिहून आले."